सगळ्यांनी ‘नाही’ लिहा

मुख्याध्यापकांनी माझा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘मुलींच्या हाती मोबाईल देऊ नये. उदाहरण सोबत जोडले आहे.’

मी नववीत होते. चेहरा माझा, संमेलनातला. मानेखालचं सगळं खोटं, जोडलेलं. घाण. खोट्या नावाचा कुणीतरी महिनाभर धमकावत होता, सांगतो तसं वाग, नायतर गावभर करीन. घाबरून मी सरांना दाखवलं. विश्वासानं! त्याला जमलं नव्हतं, ते सरांनी केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. खुर्चीत शाळा समितीचे अध्यक्ष, तात्या. आई त्यांच्याच बागेत डाळिंबं तोडायची. तशीच आली, हात काट्यांनी ओरबाडलेले. तिला ‘बस’ कुणी म्हणालं नाही.

“तुमच्या वस्तीतल्या पोरी शाळेत घेतो, हितंच चुकतं आमचं,” तात्या म्हणाले.

“तिनं काय केलं न्हाय वो तात्या. कुणीतरी छळतंय तिला.”

“मग हिलाच का? माझ्या नातीला का न्हाय?”

माफीनामा तयारच होता. ‘माझ्यामुळे शाळेची बदनामी झाली.’ मी सही केली. धमकावणारा कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढं मी सुप्याला मावशीकडं शिकले. फोटोची लाज मला कधीच वाटली नाही. त्या सहीची वाटते, अजून वाटते.

आता मी ह्याच कामात आहे. आठवी ते दहावीच्या पोरांना मोबाईलवरून कोण छळतं, फोटो मागतं, धमकावतं, ह्याचा अभ्यास चाललाय. त्यावरून पोरांना कसं वाचवायचं ते ठरणार. कागदावर नाव नसतं. वर्गात शिक्षक थांबत नाहीत. बारामती-इंदापूरच्या शाळा फिरतेय. यंदा यादीत माझीच शाळा निघाली.

तेच ऑफिस. तेच सर, तेच तात्या, केस तेवढे पांढरे. ओळखलं नाही.

“च्या घ्या मॅडम. आमच्या गावात असलं काय न्हाय.”

मी चहा घेत बसले. गाढवपणा माझा. तेवढ्यात सरांनी माझे कागद वर्गात वाटूनही टाकले. धावत गेले, तर फळ्यावर सुंदर अक्षरात, ‘प्रश्न १ ते १२ : सगळ्यांनी नाही लिहा.’ तपासणी आली की उत्तरं फळ्यावर, ही आमच्या शाळेची जुनी रीत. पोरं मुकाट उतरवत होती.

“तुमचा वेळ वाचवला,” सर हसून म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. फळा पुसला. “सर, बाहेर व्हा.”

तात्या दारात आले. “सर्वे झाला म्हणून सही कर आन नीघ. कुणाची गं तू?”

आईचं नाव सांगितलं. “तुमच्या बागेत डाळिंबं तोडायची. आन ग्रुपवर उदाहरण म्हणून टाकलं, ती मी.”

“जुनं उकरू नगं. तवा गुमान सही केलीस की.”

“व्हय, केली. आता न्हाय करत.”

“वर फोन लावीन. नोकरी जाईल.”

“लावा.”

कागद गोळा केले. सगळ्यांवर बारा वेळा ‘नाही’. तिसऱ्या बाकावरच्या एका पोरीचा तेवढा अडलेला. पहिल्या तीन प्रश्नांना ‘नाही’, आणि चौथ्यापुढं काहीच नाही. चौथा प्रश्न धमकीचा.

सगळे कागद रद्द. उद्या मी परत जाणार, नवे घेऊन. नोकरी गेली तरी जाणार. त्या पोरीला जे लिहायचंय ते तिच्या हातानं लिहून होईपर्यंत ह्या शाळेच्या कागदावर माझी सही पडणार नाही.