पहिलारू मोबाईल

घोडेगावच्या बाजारात लहानपणी ऐकलेला पहिला आवाज म्हणजे, फाट्! सौदा पटला की तळहातावर तळहात. मी वडिलांचं धोतर धरून उभा होतो, केवढा दचकलो! पुढं त्याच बाजारात गुरांची दलाली करता करता म्हातारा झालो. बाजारात शेण आणि किस्से, कितीही उचला, संध्याकाळी पुन्हा ढीग! आणि स्वस्तातले मोबाईल आल्यापासून तर विचारूच नका.

लिंबाखाली आमचं चौघांचं टोळकं. चहावाल्या कौसाबाई, बैलांचे व्यापारी गुलाबभाई, माझा जोडीदार रामभाऊ आणि मी. तिघांनी मोबाईल घेतले, रामभाऊनं नाही. त्याच्या सुमननं आपल्या मनानं लग्न केलं आणि अकोले तालुक्याच्या डोंगरात नांदायला गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

"घेतला तर एक दिवस तिचा आवाज यील त्यातून," तो म्हणायचा.

*

कौसाबाईंनी बोकड विकून मोबाईल घेतला. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, त्यांची तोंडं दिसावीत म्हणून. दुकानदारानं डबा पुढं केला.

"घरी नेते," बाई म्हणाल्या. "दोनदा चार्जिंग करून बघते, मग पैसे."

"असं कुठं असतंय का, मावशी?"

"आमच्यात असतंय. दोन धारा काढल्याबिगर गाय कोन घेतं?"

"अहो, कोरा मोबाईल हाय! कुनी हातसुदिक लावला न्हाई."

"म्हंजी पहिल्या वेताचा! मग तर लई बघून घ्यावा लागतो. पहिलारू गाय लाथ मारती!"

*

गुलाबभाईंनी बैलाचा फोटो ग्रुपवर टाकला. बैल कसा, दुधासारखा पांढरा! नेवाशाहून गिऱ्हाईक मोटरसायकल दामटत आलं.

"फोटोतला बैल कुठाय?"

"ह्योच की."

"ह्यो तर मातकट हाय!"

"तुमी फार लवकर आला," गुलाबभाई म्हणाले, "आंघोळ व्हायचीय त्याची."

*

आमच्याकडं भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची. शेजारच्याला पत्ता लागत नाही. आता गिऱ्हाईक लांब, साखर कारखान्यावर, व्हिडीओ कॉलवर. गुलाबभाईंनी रिवाज मोडला नाही. मोबाईल उपरण्याखाली घेतला, आतच बोटं दाखवली.

"काय दिसना, भाई! नुसता अंधार हाय!"

भाईंनी आत बॅटरी लावली. उपरणं पांढरं, विरलेलं. बोटांच्या सावल्या केळ्याएवढ्या! भोवती पन्नास माणसं गोळा झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "भाई, आजून एक बोट सोडा, मीच घेतो!"

*

आणि परवाचा बाजार! रामभाऊनं घरची तांबडी गाभण गाय विकायला आणलेली. माझा मोबाईल वाजला. बघतो तर सुमन! रेंजसाठी टेकडीवर चढलेली, धापा टाकत होती.

"काका, गाभण गाय पायजे. नुसत्या भातावर भागत न्हाई, दूध डेरीला घालीन. मला त्यातलं कळत न्हाई, तुमीच बघा."

आवाज ऐकून रामभाऊ दगडासारखा उभा. मी कॅमेरा तांबडीकडं केला.

रामभाऊ हलला. गायीचं तोंड उघडून दात दाखवले. चालवून दाखवली. पोटावर हात फिरवला. मग खाली बसून कासेचं मागचं डावं सड दाखवलं, जरा बारीक होतं ते. विकणारा हे कधी दाखवतो का!

"काका," सुमन हळूच म्हणाली, "गाय बघितली. आता दावं धरलंय त्यांच्याकडं फिरवा की."

मी फिरवला. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. चुलीवर चहा उतू गेला, तरी कौसाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आबा, लई वाळला वं."

मी विचारलं, "रामभाऊ, पोरीला भाव काय सांगू?"

रामभाऊनं गायीच्या पाठीवरचं गवत झटकलं. दावं हाताला गुंडाळलं आणि गायीला घेऊन, अकोल्याला जाणारे टेम्पो लागतात तिकडं चालू लागला.