कोपरा फाडलेलं कार्ड

हसणार नसाल तर सांगतो. तसं हसणारच तुम्ही. आख्खं घाटनांदूर हसलंय, तिथं तुमचं तोंड मी काय धरणार? चहा घ्या आधी, गार होतोय.

माझं झेरॉक्सचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत, ते तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर लोकांचे सातबारे, आधार कार्डं, पोरांचे दाखले. सगळ्या दुनियेच्या कागदाची नक्कल काढायची, हाच धंदा. त्यामुळं असेल की काय, पण आपल्या हातानं एखादा असा कागद करावा, की त्याच्यासारखा दुसरा कुठंच नसावा, असं मला लई दिवसांपासून वाटायचं. म्हणून मी ग्रीटिंग कार्डं करायला लागलो.

हसलात ना? सांगितलं होतं!

पन्नाशीला आलेला, मिशीवाला माणूस. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून कात्रीनं फुलं कापतोय! समोरचा हॉटेलवाला बाबू रोज हाक मारायचा, "कावून बे दत्ता, आज गुलाब का मोगरा?" मी मनावर घेतलं नाही. कलाकाराला जग हसतंच. बायको संगीता तर माझ्या कलेला सरळ 'कचरा' म्हणायची आणि केर काढताना तिच्यावरूनही झाडू फिरवायची. म्हणून मी तिला काही दाखवायचंच सोडून दिलं. इथंच चुकलं, पण ते पुढं येईल.

तर मोबाईलवर एक पोरगी कार्डं करायला शिकवते. तिनं दिवाळीच्या तोंडावर दाखवला 'विंटेज लुक'. म्हणजे काय, तर कोरा करकरीत कागद घ्यायचा, चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा. मग मेणबत्तीवर त्याच्या कडा जाळायच्या. आणि शेवटी एक कोपरा हातानं, अलगद, फाडून टाकायचा. झालं! शंभर वर्षं जुनं दिसतं. मी तर बघूनच वेडा झालो. म्हटलं, हे कार्ड आक्कासाठी.

आता आक्काचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

कुसुमआक्का माझी थोरली बहीण, सिरसाळ्याला दिलेली. आणि तीन वर्षांपासून तिचं आमचं बोलणं बंद. भांडण कशावरून? म्हशीवरून! मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आक्का तिला हौसेनं घेऊन गेली. महिनाभर ठेवून घेते म्हणाली. माय दोन दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिनं मला फोन लावला, "दत्त्या, न्यायला ये. माझ्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाई." मी गेलो, घेऊन आलो. आक्का तेवढ्यात शेतात गेलेली. घरी येऊन बघते तर माय नाही! तिच्या मनाला ते असं लागलं की विचारू नका. "लेकीपरीस म्हस मोटी झाली व्हय?" म्हणाली, आणि यायची बंद झाली. फोन केला की कट करायची.

मायही काही कमी नाही. "येत न्हाई तर न्हाई," म्हणायची. पण भाऊबीज आली की दुपारी सिरसाळ्याच्या जीपच्या वेळेला नेमकी ओट्यावर बसायची. हातात काहीतरी निवडायला घ्यायची, लसूण घ्यायची, शेंगा घ्यायची. आणि जीप निघून गेली की तसंच सगळं उचलून आत जायची. ऐंशीला टेकलेलं माणूस, आणखी किती भाऊबिजा बघणार? मला ते बघवायचं नाही. पण बोलता कुठं येतं मला असलं काही? म्हणून कार्ड.

आठ दिवस खपलो. चहा कडक लागतो म्हणून बाबूच्या हॉटेलातून आणला. कडा अशा जाळल्या, की काळीभोर नक्षी. आत काळ्या शाईनं चार ओळी लिहिल्या. चहाच्याच कागदाचं पाकीट केलं आणि त्याचा उजवीकडचा कोपरा असा फाडला, असा फाडला… अहो, माझे मलाच डोळे भरून आले!

पाडव्याला सकाळी लतीफभाईची जीप सिरसाळ्याकडं निघाली होती. लतीफभाई म्हणजे अर्ध्या तालुक्याचे निरोप पोचवणारा माणूस. मी पाकीट दिलं. म्हटलं, "आमच्या आक्काच्या हातात द्या."

त्यानं पाकिटाकडं बघितलं. कोपऱ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तोंडातली सुपारी थुंकली, खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

"दत्ताभाऊ," हळू आवाजात म्हणाला, "तुमी फिकीर करू नका. मी सोता घरी जाऊन देतो."

"सांभाळून बरं का. लई जीव लावलाय त्याला."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडीतली माणसंही एकदम गप्प झाली. मला वाटलं, बघा, कलेची कदर आहे अजून या जिल्ह्यात!

तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं. अहो, कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. वाईट बातमीचं पत्र! कोणी गेलं की कोपरा फाडून पाठवायचं, म्हणजे घेणाऱ्यानं समजून घ्यायचं. ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. मलाही ठाऊक होतं सगळं. माझ्या वडिलांनी माझ्यादेखत असली पत्रं ओट्यावर वाचून तिथंच टाकलेली आहेत. पण आता मरणाच्या बातम्याही मोबाईलवर येतात, त्याला कोपरा कुठं असतो? विसरून गेलो. एका पोरीनं मोबाईलवर कोपरा फाडला, आणि मी फाडला.

दुपारची वेळ. संगीता आत अनारसे तळतेय. माय गोठ्यात म्हशीशी बोलतेय. मी दुकानात. माझ्या मोबाईलची बॅटरी सकाळीच संपलेली, कारण काय तर तेच व्हिडिओ. आणि दारासमोर लतीफभाईची जीप थांबली. बघतो तर पुढं दाजी, मागं आक्का!

काय आनंद झाला म्हणून सांगू! कार्ड लागू पडलं! आत ओरडलो, "आगं ये, आक्का आली! अनारसे काढ!" आणि दोन्ही हात पसरून पळत बाहेर आलो. "या या दाजी! या!"

दाजी गाडीतून उतरले आणि माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडायला लागले. सहा फुटांचा गडी! मला वाटलं, माझ्या चार ओळी थेट काळजाला भिडल्या. मी त्यांची पाठ थोपटली.

"कवा झालं?" दाजींनी विचारलं.

"काल सांजच्याला. आठ दिस चाललंतं."

"आठ दिस? आन आमाला कळवलं न्हाई?"

"आदीच कळवलं तर मंग त्यात मजा काय, दाजी?"

दाजींनी रडणं थांबवलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की अजून ती नजर आठवली की जेवण जात नाही.

तोवर आक्का उतरली होती. हनुवटीपर्यंत पदर. आमच्याकडं मयताच्या घरी बाई येते ती अशीच. कोणाकडं बघत नाही. दारात जी बाई पहिली भेटेल तिच्या गळ्यात पडायचं आणि आधी रडून घ्यायचं. बोलणं मागून.

आणि गलका ऐकून गोठ्यातून पहिली बाहेर कोण आली? माय!

दाजी अजून माझ्याकडंच बघत होते, लतीफभाई गाडी वळवून लावत होता, आणि आक्का पदराआडून सरळ मायच्या गळ्यात पडली. म्हणजे बघा, जिच्यासाठी रडायचं तिच्याच गळ्यात पडून रडायला लागली! मायला काही ठाऊक नाही. पण गळ्यात पडून लेक रडते म्हटल्यावर ती थोडीच 'काय झालं' विचारत बसणार? आमच्या बायका विचारत नाहीत. तिनंही सूर लावला.

"तीन वर्सं तुझं तोंड बगितलं न्हाई गं माय!" आक्का.

"न्हाई गं बगितलं, न्हाई गं!" माय.

"माज्या रागानं घात केला गं माय!"

"केला गं लेकी, केला!"

मी तिथंच उभा. शेजारपाजारचे जमले. हॉटेलवाला बाबू गल्ल्यावरून उठून आला, टोपी काढून माझ्या कानात म्हणाला, "दत्ता, बांबू आनायला मानूस धाडू का?" मी म्हटलं, "बांबू कशाला बे?" तो म्हणाला, "धीर धर." आत संगीतानं रडणं ऐकलं आणि अनारसे कढईत तसेच टाकून तीही पदर लावून बाहेर. कोण गेलं, हे त्या घडीला आमच्या दारात एकालाही धड ठाऊक नव्हतं, आणि रडत सगळे होते!

"आता तुज्या हातचं पिठलं मला कोन घालील गं माय!" आक्कानं हंबरडा फोडला.

मायचं रडणं खटकन थांबलं.

"आगं मंग आज करते की! त्याला रडती कशाला?"

म्हैस तेवढी रवंथ करत होती. आक्कानं पदर हळूहळू वर केला. मायच्या तोंडाकडं बघितलं. गालाला हात लावला, दंडाला लावला, पुन्हा गालाला लावला.

"माय… तू जित्ती हायस?"

"मंग काय मेले? कोन म्हनलं?"

दाजी खाली ओट्यावर बसले. लतीफभाईनं डोक्याचा रुमाल सोडला. आणि सगळे, अगदी सगळे, माझ्याकडं वळले. अहो, मी म्हटलं काय? मी म्हटलं, "दाजी, कार्ड आवडलं न्हाई का?"

आक्कानं एक ठेवून दिली. अशी दिली की बाबूच्या हॉटेलातल्या गिऱ्हाईकानं मान वळवून बघितलं. आणि मग तीच माझ्या गळ्यात पडून रडली. ते रडणं वेगळं होतं, मला कळलं. मीही रडलो, लपवत नाही. तीन वर्षांनी बहिणीचा हात लागला होता अंगाला, भले मग तो कानाखाली का लागेना.

मग सगळा उलगडा झाला. दाजींनी मला तीनदा फोन लावला होता, तो बंद. लतीफभाई म्हणाला, "आमाला काय ठावं? म्हातारं मानूस घरात एकच. आन असल्या टायमाला इचारत न्हाईत." बरोबर आहे त्याचं. संगीता म्हणाली, "मला दावलं असतं तर?" तेही बरोबर. आणि मी ज्याच्यासाठी आठ दिवस खपलो ते पाकीट कोणी उघडलंसुद्धा नव्हतं! फाटक्या कोपऱ्याचं, आत कोण नेणार? सिरसाळ्याला दाराबाहेर दगडाखाली ठेवून आले होते.

मायनं मात्र रागावायचं नाव घेतलं नाही. पिठलं केलं, भाकरी थापल्या, दोघी चुलीपाशी बसल्या. जेवताना माय एकदम म्हणाली, "कुसे, खरं सांग. मी मेल्यावर बी असंच रडशील?"

"आता कशाला रडते?" आक्का भाकरी मोडत म्हणाली. "एकदा रडून झालं माजं."

माय इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी द्यायला उठलो. तेवढ्यात काय वाटलं माझ्या मनाला, ते सांगता येणार नाही. आपलं कोणी गेल्यावर आपण जे बोलणार ते त्या माणसानं ऐकून ठेवलेलं असणं, हे किती जणांच्या नशिबात असतं? मायनं सगळं ऐकलं. घात केला, तोंड बगितलं नाही, पिठलं राहिलं. आणि वर पिठलं करून खाऊही घातलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली. आक्कानं ओवाळलं, ज्या गालावर मारलं होतं तिथं हळूच बोट फिरवलं आणि गेली.

पुढच्या आठवड्यात लतीफभाई दुकानात आला. एक कागद काउंटरवर ठेवला. म्हणाला, "तुमच्या आक्कानं दिलाय. त्यांनी तुमचं पाकीट उघडून वाचलं म्हनं. म्हनत होत्या, दत्त्याच्या दुकानात बरा कागद मिळंना काय? डागाळलेला, जळका, फाटका. म्हनून चांगला धाडलाय."

कागद म्हणजे साधा पांढरा, वहीतला. चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं. मधे आक्काच्या तिरक्या अक्षरात दोन ओळी, 'संक्रांतीला मायला घेऊन ये. म्हशीला पण घेऊन ये.'

मी मायला वाचून दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"दत्त्या, ह्याला म्हनत्यात कार्ड. बग आन शिक."