शिनक्लिफ लेन

अल मनखूलला राहणारी विभावरी साठे एका बिल्डरच्या ऑफिसात पाट्यांचं काम बघायची. दुबईबाहेर वाळूत नवी व्हिला वसाहत उठत होती आणि तिथल्या गल्ल्यांना जुन्या इंग्रजी खेड्यांची नावं द्यायची, असा साहेबांचा हुकूम. विभावरीला त्या नावांचा नादच लागला. शेवटी ‘टन’ आला की कुंपण घातलेलं शेतघर, ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा, ‘फर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा. जिथे चिटपाखरू नाही तिथे ती रानं आणि नद्या वाटत सुटली. एक गल्ली उरली. घाईघाईत, अर्थ न बघता, कानाला बरं वाटलं म्हणून तिने नाव टाकलं: शिनक्लिफ.

पाटी लागली आणि त्या गल्लीत रंगारी थांबेनात. साइटवरचे कमरुद्दीन म्हणाले, “मॅडम, वहाँ कोई नाम लेके बुलाता है.”

विभावरी स्वतः गेली. भर दुपार, वारा पडलेला. रिकाम्या व्हिलांमधून चालताना मागून हाक आली, “विभे!”

तिला असं फक्त आई म्हणायची, आणि आई जाऊन कैक वर्षं झाली होती. विभावरीने ओ दिली नाही. मागे वळूनही न बघता ती गाडीत येऊन बसली.

घरी लेकीने, इराने, फोनवर शोधून सांगितलं, “आई, इट मीन्स अ हॉन्टेड क्लिफ. भुतांचा कडा!”

दुसऱ्या दिवशी साहेब हसले. “खलास, पाटी लागलीये. अर्थ कोणाला कळतोय?”

“मला कळतोय ना,” विभावरी म्हणाली, आणि हट्टाने नाव बदलून घेतलं: सूएल. सात झरे. या कोरड्या वाळूत त्याने काय बिघडणार?

हाका थांबल्या. रंगारी परतले. पहिलं बिऱ्हाड आलं ते कुंदाताईंचं. आठवड्याभरात त्यांचा फोन, “अहो, फरशीखाली पाणी वाहतंय!”

प्लंबरने फरशी उखडली. खाली पाइप नव्हता, नुसती ओली वाळू. कमरुद्दीननी बोट खुपसून जिभेला लावलं, मग पुन्हा एकदा चाखलं. त्या भागातलं जमिनीतलं पाणी खारट. हे गोड होतं.

कुंदाताईंनी घर सोडलं नाही. त्या पाण्याच्या आवाजाने झोप छान लागते म्हणतात. विभावरी मात्र पुन्हा तिकडे फिरकली नाही. पुढच्या वसाहतीच्या गल्ल्यांना तिने नुसते आकडे दिले.