नानांचा तो एक सीन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं... आणि भूत तर आमच्या घरातच होतं, रोज सकाळी माझी वेणी घालणारं.

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, हिंदी सिनेमात भुताची कामं करायचे. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. आम्ही कल्याणला राहायचो. नाना आधी नाटक कंपनीत होते. उंच, गालफडं बसलेली, डोळे खोल. एका डायरेक्टरने त्यांना प्रेताचं काम दिलं आणि पुढे दुसरं काही मिळालंच नाही. एकदा तरी बायकामुलांतला साधा माणूस करायची त्यांची फार इच्छा होती. "हा चेहरा घेऊन?" म्हणून लोक हसायचे. गल्लीतली पोरं त्यांना बघून पळायची. घरी मात्र इतकं मऊ बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

आईने त्यांचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. "ते मेलेले बघायला मी कशाला जाऊ?" म्हणायची.

मी मॅट्रिकला असताना नाना न्यूमोनियाने गेले. आईने अन्न जवळजवळ टाकलंच. मामा, शेजारणी, सगळे समजावून थकले. त्यातच नानांचा शेवटचा सिनेमा आमच्याकडच्या पत्र्याच्या थिएटरात लागला. आई म्हणाली, "मला ने."

दुपारचा खेळ. बायकांच्या बाजूला, भिंतीकडेला बसलो. पडक्या हवेलीचं दार उघडून नाना आले — अंगावर पांढरं कापड, हातात कंदील. थिएटर चिडीचूप. नाना थांबले. आमच्या बाजूला वळले... आणि मराठीत, अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "अगं, दोन घास खाऊन घे. मी बरा आहे."

आई मोठ्याने "हो" म्हणाली. शेजारची बाई दचकली, पण आईच्या आवाजाने. बाकी कुणाला काही जाणवलंच नाही.

बाहेर आल्यावर आईने माझा हात धरला. "काय म्हणाले? आधी तू सांग."

मी सांगितलं. तिने ऐकलेले शब्दही तेच होते.

घरी येऊन तिने शेजारणीने झाकून ठेवलेला आमटीभात पुढ्यात घेतला आणि सगळा संपवला. ती जेवत होती, मी जवळ बसून रडत होते.

दुसऱ्या दिवशी मामाला घेऊन मी पुन्हा गेले. नाना दारातून आले, कंदील वर केला आणि विचित्र हसत निघून गेले. थांबले नाहीत. मराठी एक शब्द नाही. मामाने ऑपरेटरला विचारलं, तर रीळ तेच, कालचंच.

दुःखात भास होतात, मला कळतं. पण दोघींना एकच भास, तोही शब्दाला शब्द?

पुढे ठाण्याला, डोंबिवलीला, कुठेही नानांचा जुना सिनेमा लागला की आई मला घेऊन जायची. नाना पुन्हा कधी बोलले नाहीत. पडद्यावर ते फक्त भूत असायचे. आई मात्र ते दिसले की पदर सावरायची आणि हळूच म्हणायची, "जेवून आलेय हो."