रास अल खोरमधली रेगे-जाखडी

शारजाला उतरले तेव्हा पिशवीत रेगे संगीतावरचं भाषण होतं आणि डोक्यात चळवळीची आग. बाहेरच्या उकाड्यापुढे तीही कोमटच वाटली.

तिथल्या अल मजाज भागातल्या मराठी कुटुंबांनी बोलावलं होतं. सोळावा मजला, खाली खाडीचं पाणी, टेबलावर साबुदाणा वडे. यजमानबाईंनी आधीच बजावलं, "हिस्टरी सांग, पॉलिटिक्स नको हं. इथे चालत नाही."

रेगेतून पॉलिटिक्स काढलं की उरतो हॉटेलातला ब्रंच! मी सांगितलंच. जमैकातल्या किंग्स्टनच्या गरिबांना क्लबात शिरकाव नव्हता, म्हणून त्यांनी भलेमोठे स्पीकर आणून रस्ताच क्लब केला. स्का हा उड्या मारणारा ठेका मंदावून रॉकस्टेडी झाला, मग आणखी जड पावलांचा रेगे. पुढे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायकाचा आवाज काढून नुसता ठेका ठेवू लागले, तो डब. त्या मोकळ्या जागेत कुणीतरी माइक घेऊन वस्तीची खबर सांगायचा. टाळ्या पडल्या. वडे संपले.

रविवारी, असे स्पीकर बनतात कसे ते बघायला, दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामात गेले. तिथे स्पीकरची खोकी बनवणारे गणपतदादा भेटले, संगमेश्वरकडचे सुतार. खोकी खोर फक्कानच्या किनाऱ्यावर रेगे पार्टीला जाणार होती. "आम्ही ठोकायची, त्यांनी नाचायचं," दादा म्हणाले आणि सुक्या बांगड्याचं ताट पुढे सरकवलं.

मी फोनवर डब लावला. दादांची बोटं खोक्यावर वाजू लागली. "गो बाय, ही तर आमची जाखडी (कोकणातला सवाल-जवाबाचा नाच)! फक्त ढोलकी झोपलीय."

"यल्ला (चला), शाहीर, होऊन जाऊ दे!" त्यांचा खोलीसोबती ओरडला.

दादांनी उभ्याउभ्या गाणं बांधलं. भर उन्हात बांधकामाच्या परांचीवरून पडून मेलेला त्यांचा मित्र, आणि "तो सुट्टीवर गेलाय" म्हणणारा त्यांच्याच कंपनीचा सुपरवायझर. मी फोनवर व्हिडिओ घेतला. दादा म्हणाले, "इंटरनेटवर टाक, पण मी कोण ते कळता नये. पोरीचं नर्सिंग होईस्तोवर मला इथनं हलता येत नाय."

मी चेहरे पुसट केले, गोदामाची पाटी कापली, तीनदा तपासलं आणि टाकलं.

जाखडीची रीत असते. शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव, गुरूचं नाव आणि गाव गुंफतो. दादांनी सवयीनं गुंफलं होतं. आम्हा दोघांनाही ते खटकलं नाही, इतकं ते ठेक्यात बसलं होतं.

मंगळवारी खोलीसोबत्याचा फोन आला. "ताई, सुपरवायझरनं ऐकलं. व्हिसा खलास (संपला). दादाला सकाळच्या विमानात बसवला."

परतल्यावर मी संगमेश्वरला गेले. दारातच त्यांची मुलगी म्हणाली, "फोन बाहेर ठेवा." मी ठेवला. तिचं कॉलेज सुटलं होतं.

मी माफी मागितली. दादांनी बसायला पाट सरकवला. मग म्हणाले, "नाव न घेता गाणं सोडायचं, ही आमच्यात रीतच नाय गो. मीच विसरलो."

खरं तर 'मी विसरले' असं मी म्हणायला हवं होतं. आवाज नसलेल्यांचा आवाज बना, असं आम्ही चळवळवाले पत्रकांत छापतो. दादांना आवाज होता, खणखणीत. माझ्याकडून हवे होते फक्त दोन नीट ऐकणारे कान.