युद्रोनच्या चुब्याचा काठ

युद्रोन माझी शेजारीण. आमच्या दोन अंगणांमध्ये मातीची भिंत आणि त्या भिंतीला एक खिंडार. त्यातून विरजण, शेण्या आणि गावच्या बातम्या इकडून तिकडे जात. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आचे म्हणते. थोरल्या बहिणीला आमच्याकडे तसंच म्हणतात. नवरा लवकर गेला. सहा याक, सातूचं शेत आणि छिमे नावाची एक मुलगी, एवढा तिचा संसार. त्या मुलीला तिने शिकवून मास्तरीण होण्याच्या परीक्षेपर्यंत नेलं.

आणि तिच्या पेटीत एक चुबा होता. तांबडा लोकरी झगा, खाली वीतभर रुंद पाणमांजराच्या कातडीचा काठ. आईने तिच्या लग्नात अंगावरून उतरवून दिलेला. पुढे तो छिमेला जायचा होता.

त्या हिवाळ्यात हिंदुस्थानातून परतलेल्या यात्रेकरूंनी निरोप आणला. तिकडे राहणारे आमचे थोरले गुरू, ज्यांचा फोटो आम्हाला उघड्यावर लावता येत नाही, त्यांनी सांगितलं होतं की मुक्या जनावरांची कातडी अंगावर मिरवू नका. दोनच दिवसांत नदीकाठी कातड्यांचा ढीग लागला आणि पेटला. पाणमांजर, बिबट्या, कोल्हा. मीही माझा काठ कापून नेला. केस जळाल्याचा वास डोक्यातून जाईना, तरी माणसं हसत होती. इतक्या वर्षांनी सगळ्यांनी मिळून त्यांचा एक शब्द पाळला होता, आणि तो कोणालाही अडवता आला नव्हता.

युद्रोन आली नाही.

"आचे, आईची माया की पाणमांजराची?" मी खिंडारातून टोमणा मारला. मारायला नको होता.

"आईच्या अंगाचा वास आहे गं त्याला," ती म्हणाली. "थोडे दिवस दे मला."

थोडे दिवस म्हणता म्हणता उन्हाळा आला, आणि वरून सरकारी हुकूम आला. घोड्यांच्या जत्रेत घरटी एका बाईने कातडीच्या काठाचा चुबा घालून नाचायचं. टीव्हीवाले येणार. गावप्रमुख ल्हाग्याल दारोदार फिरला. प्रत्येक दारात एकच उत्तर, "जळालं हो. राख देऊ का?" मग तो युद्रोनकडे आला. मी तिथेच लोणी घुसळत बसले होते.

"आचे, सगळ्या गावात तुम्ही एकट्या शहाण्या निघालात."

"शहाणी नाही रे, चिकट."

"तर मग पुढच्या रांगेत उभ्या राहा. छिमेचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. पुढच्या महिन्यात शाळेत रुजू होईल पोरगी."

"आणि नाही घातला तर?"

"मग कागद टेबलावरच राहील. माझ्याकडे असं बघू नका. मलाही माझी कातडी वाचवायची आहे."

"वाचव बाबा. तिचाही काठ लावतील कुणीतरी," युद्रोन म्हणाली.

तो गेल्यावर छिमे आतून आली. "आई, घाल की! एका दिवसाचा तर प्रश्न आहे. माझी चार वर्षं गेली त्या अभ्यासात."

"बघते," एवढंच युद्रोन म्हणाली.

जत्रेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ती चुबा काखेत मारून माझ्या अंगणात आली. "तुझी नजर चांगली आहे. उसवायला बस."

"आचे, छिमेचं काय?"

"सगळं गाव जाळून मोकळं झालं. मी ठेवला म्हणून आज तो यांच्या हाताला लागला. उद्या टीव्हीवर मला दाखवतील आणि म्हणतील, बघा, या लोकांनी आपल्या गुरूंचं ऐकलंच नाही. चूक माझी आहे. पोरीने माझ्यावर रागवावं, पण मी हे घालून नाचू कशी?"

आम्ही टाका टाका उसवला. काठ सुटला आणि दोघींचे हात थांबले. बाकीचा चुबा उन्हाने विटला होता, पण कातडीखालची वीतभर पट्टी नव्यासारखी लालभडक होती. कातडी माझ्याच धुपाच्या भट्टीत गेली. मी माळ ओढत बसले. वास गावभर गेला. काय जळतंय, असं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी युद्रोन तोच चुबा घालून पुढच्या रांगेत नाचली. गिरकी घेतली की खालची लाल पट्टी लखकन दिसायची. इथे काहीतरी होतं आणि आता नाही, हे मैदानाच्या पार टोकावरूनही कळत होतं. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. मग शेजारच्याने. कॅमेरावाल्याने कॅमेरा घोड्यांकडे वळवला.

मैदानातूनच पोलिसांनी तिला गाडीत घातलं. तेवीस दिवसांनी परतली ती कुणाच्या तरी निळ्या कोटात. चुबा त्यांनी ठेवून घेतला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "तिथल्या चहात लोणी नावाला नव्हतं बघ."

छिमेचा कागद टेबलावरच राहिला. ती आईशी न बोलता दूर शिनिंग शहरात गेली, एका हॉटेलच्या दारात उभं राहायच्या नोकरीवर. आठ महिन्यांनी, काल, तिचं पहिलं पाकीट आलं. आत फोटो. काचेच्या दारापाशी छिमे हात जोडून उभी, अंगावर हॉटेलने दिलेला चुबा आणि त्याला बिबट्याचा रुंद काठ. मागे लिहिलं होतं, "नकली आहे, आई."

युद्रोनने फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"वाळली गं पोरगी," ती म्हणाली.

मग तिने फोटो गुडघ्यावर ठेवला, खालचा भाग मागे दुमडला, आणि नखं पुन्हा न आलेल्या बोटांनी घडी नीट दाबून बसवली. राहिला तो फक्त छिमेचा चेहरा आणि जोडलेले हात. तो तिने देवापुढे, पाण्याच्या सात वाट्यांच्या शेजारी उभा केला आणि दिव्यात लोणी घातलं.