राष्ट्रगीत चालू होतं तेव्हा मी किचनमध्ये होते

"तू जरा आत किचनमध्ये थांबतेस का? चहाचं कोणीतरी बघायला हवं," वहिनी म्हणाल्या.

मी माइकपाशी उभी होते. हातात कागद नव्हता. राष्ट्रगीताला कागद कशाला लागतो? पांढरी साडी, केशरी काठ, हिरवा ब्लाउज. साडी आईनं पार्सलनं पाठवलेली, खास या दिवसासाठी. राष्ट्रगीत मी म्हणायचं हे वहिनींनीच ठरवलं होतं. "किती मोकळा आवाज आहे गं तुझा. झेंडावंदनाला तूच म्हणायचंस." त्याच वहिनी आता माझ्याकडे न बघता माइकची वायर सरळ करत होत्या.

"पण राष्ट्रगीत?" मी विचारलं.

"ते म्हणेल गं कोणीतरी. तुला सवय असेल ना किचनची."

मी नर्स. आयसीयूत काम करते. मला कसली सवय असेल, हे वहिनींना त्याच दिवशी सकाळी कळलं होतं.

ही गोष्ट उत्तर आयर्लंडमधली. दोन हजार सालानंतरची. आयर्लंडचे दोन तुकडे झाले, त्यातला वरचा तुकडा ब्रिटनकडे राहिला. तिथल्या एका लहान शहरातल्या हॉस्पिटलमध्ये मी वर्क परमिटवर आले होते. विदर्भातनं थेट तिथं. शहराच्या मधून नदी. माझी भाड्याची खोली ज्या गल्लीत, तिथल्या फुटपाथच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या. खांबाखांबावर ब्रिटनचा झेंडा. पुलापलीकडे दुसरा झेंडा. तो मी पहिल्यांदा बसमधून लांबून पाहिला. हिरवा, पांढरा, केशरी. वाटलं, आपला! मग बस जवळ गेली. पट्टे उभे होते. मध्ये चक्र नव्हतं. आयर्लंडचा झेंडा तो.

वॉर्डात माझ्याबरोबर शिवॉन होती. पुलापलीकडची, कॅथलिक. माझी गल्ली प्रोटेस्टंटांची. ड्यूटी संपली की मला गाडीतून सोडायची, पण पुलापर्यंतच. "तुझ्या गल्लीत मी गाडी घालत नाही," ती म्हणाली. मी विचारलं, तू तिकडची आहेस हे कोणाला कसं कळणार? ती हसली. "इथे धर्म कोणी विचारत नाही. नाव विचारतात. शाळा कुठली विचारतात. तेवढं पुरतं."

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या गावात नाला होता, एवढाच फरक.

डॉक्टर आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी, मला तिथेच भेटले. डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलात सर्जन. मूळचे पुण्याचे. एकदा कॉरिडॉरमध्ये त्यांना फोनवर मराठीत बोलताना ऐकलं आणि मी ट्रॉली सोडून त्यांच्या मागे गेले. कित्येक आठवड्यांत मी मराठीत मोठ्यानं बोलले नव्हते. "अरे वा, आपल्याकडची!" ते म्हणाले. त्या रविवारपासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला. वहिनी वरण-भात करायच्या, मी कोशिंबीर. एकाच टेबलावर जेवायचो. वहिनी मला म्हणायच्या, "किती शुद्ध बोलतेस गं, विदर्भातली वाटतच नाहीस." ते मला कौतुक वाटायचं. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. बॅजवरही नुसतं पहिलं नाव होतं, हॉस्पिटलात सगळ्यांचंच तसं.

पंधरा ऑगस्टच्या जवळच्या रविवारी तिथली सगळी भारतीय मंडळी लेझर सेंटरचा, म्हणजे तिथल्या क्रीडा संकुलाचा, हॉल घेऊन झेंडावंदन करत. त्या सकाळी वहिनी मला न्यायला आल्या. मी साडीच्या निऱ्या करत होते, म्हणून त्या पहिल्यांदाच माझ्या खोलीत आल्या. फायरप्लेसच्या वर बुद्धाची मूर्ती. शेजारी बाबासाहेबांचा फोटो.

वहिनी बघत राहिल्या.

"म्हणजे तुम्ही..."

"बौद्ध," मी म्हणाले.

"अच्छा, अच्छा. नाही, आम्ही तसलं काही मानत नाही हं."

मी काही विचारलंच नव्हतं.

गाडीत मागच्या सीटवर त्यांचा शिऱ्याचा डबा होता. मी माझा मसालेभात त्याच्या शेजारी ठेवला. वहिनींनी सीटबेल्ट लावला, मग काढला, मागे वळून शिऱ्याचा डबा उचलला आणि उतरून डिकीत नेऊन ठेवला. मग रेडिओ लावला.

तर मी किचनमध्ये गेले. का गेले? हॉलमध्ये माणसं होती, पोरं झेंडे हलवत होती, डॉक्टर सूट घालून पहिल्या रांगेत होते. तमाशा नको वाटला. ते न सांगता शिकवलेलं असतं आपल्याला.

किचन आणि हॉलच्या मध्ये ताटं द्यायची खिडकी होती. त्या खिडकीतून मला झेंडा दिसत होता. वहिनींच्या ओळखीतल्या कोणाची तरी मुलगी माइकपाशी आली. कडवं सुरू झालं. माझे हात साबणाच्या पाण्यात होते. ते बाहेर काढले आणि मी ताठ उभी राहिले. शाळेत शिकवलं होतं तशी. कोपरांवरून पाणी साडीवर ठिबकत होतं. ती मुलगी प्रांतांची नावं चुकली. मी ओठांतल्या ओठांत बरोबर म्हटली. पन्नासएक माणसं माझ्याकडे पाठ करून उभी. एकानंही मागे वळून बघितलं नाही.

जेवणं झाली. माझा मसालेभात टेबलाच्या कडेला होता. वरचा फॉइल तसाच. वहिनींनी तो पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"सगळ्यांची पोटं भरली गं. आणि अगं, आम्हाला इथून परस्पर एकांकडे जायचंय. तुला बस मिळेल ना?"

रविवारी तिकडे संध्याकाळी बस नसते. हे त्यांनाही माहीत होतं.

मी चालत निघाले. पुलापाशी आल्यावर माझं स्वतःच्या अंगाकडे लक्ष गेलं. केशरी, पांढरा, हिरवा. आणि पुढे माझी गल्ली. मी पिशवीतला कोट काढला, घातला, गळ्यापासून बटणं लावायला लागले. आणि बोटं थांबली. ज्यांच्या हॉलमध्ये हे रंग आपले म्हणून लावले होते, त्यांनी मला आत लपवलं. आता इथे मी तेच रंग लपवत होते. मग माझ्या वाट्याला आलं काय?

मी कोट काढला. हातावर टाकला. गल्लीत शिरले.

कोपऱ्यावरच्या पबबाहेर तिघंचौघं उभे होते. बोलणं थांबलं. एकजण म्हणाला, "पुलाच्या चुकीच्या बाजूला आलीस, लव्ह."

"मी इथेच राहते," मी म्हणाले.

तो माझ्या पायाशी थुंकला. मी चालत राहिले. दार लावलं, कडी घातली, आणि दाराला टेकून खाली बसले. खूप वेळ. फोन करावा असं कोणीच नव्हतं. मग उठले आणि मसालेभात गरम करून पोटभर खाल्ला. चांगला झाला होता.

पुढचे रविवार मोकळे. वहिनींचा फोन नाही, माझाही नाही. हिवाळ्यात तिकडे दुपारीच अंधार पडतो. मी जादा ड्यूट्या घेतल्या. घरी भिंतीशी मराठी बोलायची. मोठ्यानं. जीभ विसरू नये म्हणून.

जानेवारीत फोन आला.

"अगं, कुठे असतेस? सव्वीस जानेवारीला राष्ट्रगीत तूच म्हण बाई. मागच्या वेळी त्या पोरीनं घोळ घातला."

"म्हणेन," मी म्हणाले. "पण आधी मला दोन मिनिटं बोलायचंय. सव्वीस जानेवारी कशामुळे आहे, राज्यघटना कोणी लिहिली, ते सांगणार."

"तिथे जातीपातीचं काही नको गं काढूस. परदेशात आपण सगळे नुसते भारतीय."

"मग ऑगस्टमध्ये मी कोण होते, वहिनी?"

"तू ना, फार मनाला लावून घेतेस."

"तुम्ही उत्तर नाही दिलंत."

फोन बंद झाला. आतून पहिल्यांदा स्वच्छ वाटलं. जखम धुतल्यावर चरचरते तसं स्वच्छ.

त्याची किंमत लगेच दिसली. सव्वीस जानेवारीचं बोलावणं पुन्हा आलं नाही. डॉक्टर राउंडवर माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. त्या शहरात मराठी बोलणारी तीनच माणसं होती. त्यातली दोन गेली. आई फोनवर विचारते, "तिथं आपलं कोणी हाय का वो बाई?" मी खोटं सांगत नाही. "कोणी नाही," म्हणते.

फेब्रुवारीत मी वॉर्ड मॅनेजरकडे नवा बॅज मागितला. आडनावासकट. तिनं कारण विचारलं. "लोकांना वाचता यावं म्हणून," मी म्हणाले. तिला काही कळलं नाही, पण बॅज मिळाला.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांची नजर त्यावर थांबली. कित्येक दिवसांनी ते मराठीत बोलले. हळू आवाजात. "याची काय गरज होती?"

"गरज मला होती," मी म्हणाले. हळू नाही. शिवॉननं वळून बघितलं, पेशंटनं बघितलं. डॉक्टर पुढच्या बेडकडे गेले.

मी हे शहर सोडणार नाही. या गल्लीतही राहीन आणि या वॉर्डातही. तो हॉल कोणाच्या बापाचा नाही, तो झेंडाही नाही. पुन्हा तिथे गेले तर बोलावण्याची वाट न बघता जाईन, पूर्ण नावानं, आणि मला आत जा म्हणणाऱ्याला भरल्या हॉलमध्ये, मराठीत, कारण विचारीन. उत्तर मिळेपर्यंत जागची हलणार नाही.